कडेवरचं लेकरू आणि फळ्यावरचे हक्क

मुलांना हक्क शिकवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या तिसरी-चौथीच्या वर्गात एक दिवस उभं राहून दाखवावं. चहा माझ्याकडून. मानवतहून आत, काळ्या रानातल्या एका गावात आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. मी रोज स्कूटीवर जाते. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतते, दिवाळीनंतर धुळीत माखते, आणि बारा महिने मोबाईलवर सूचना येत राहतात. अमुक उपक्रम राबवा, तमुक दिवस साजरा करा, फोटो टाका. फोटो गेला की उपक्रम झाला, असा हिशेब आहे. मुलांना काय कळलं ते कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी सांगणारही नाही.

त्या वर्षी संविधान दिन तोंडावर आला आणि सूचना आली, मुलांना हक्क आणि जबाबदाऱ्यांची ओळख त्यांच्या अनुभवातून करून द्या. मला हा विषय खरंच आवडतो, म्हणून मी मनापासून तयारी केली. रंगीत खडूनं फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘आपले हक्क’ लिहिलं, उजवीकडे ‘आपल्या जबाबदाऱ्या’ लिहिलं, आणि विचारलं, "सांगा बरं, आपले हक्क कोणकोणते?"

मग मागून आवाज आला, "अंडं."

"अंडं म्हणजे काय रे?"

"खिचडीसंगं अंडं भेटायचा हक्क. मागच्या हप्त्यात न्हाई भेटलं."

झालं. धरण फुटल्यासारखे हक्क वाहायला लागले. खिडकीपाशी बसायचा हक्क. घंटा वाजवायचा हक्क. थंडीत अंघोळ न करायचा हक्क. सरांच्या खुर्चीवर एकदा बसून बघायचा हक्क. डावी बाजू भरली, उजवी कोरी. मी शिक्षण, आरोग्य, खेळ, मत मांडणं असे पुस्तकातले हक्क त्यात कसेबसे घुसवले. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला एकजण सतरंजीवर आडवा. विचारलं तर म्हणतो, आरामाचा हक्क. दुसरा पाढे म्हणेना, कारण ‘न्हाई म्हणायचं’ हे त्याचं मत होतं आणि मत मांडायचा हक्क मीच दिलेला होता. बोट दिलं की मनगट धरतात, ही म्हण ज्यानं केली तो प्राथमिक शिक्षकच असणार.

जबाबदाऱ्यांची बाजू भरायला मला अक्षरशः हात जोडावे लागले. शेवटी एका मुलीनं सांगितलं, "वर्ग झाडणं." मी खूश होऊन लिहिलं. लगेच एका मुलानं दुरुस्ती केली, "म्याडम, पुढं लिवा, पोरीयची."

आमच्या शाळेत फार पूर्वीपासूनची वाटणी अशी, की पोरींनी वर्ग आणि ओटा झाडायचा आणि पोरांनी हापशावरून पाणी आणून माठ भरायचा. त्यात तेव्हा काही अर्थ असेल. पण आता शाळेत नळ आला आहे. पोरी अजून झाडतात, आणि पोरांची जबाबदारी नळाची तोटी फिरवण्यावर आली आहे. त्यासाठीही दोघं लागतात. एकजण फिरवतो, एकजण बघतो. मी म्हटलं, आजपासून सगळ्यांनी झाडायचं. पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांना परकर नेसायला सांगितलं. एकानं झाडू हातात घेतला, दोन फटके मारले, एवढी धूळ उडवली की आख्खा वर्ग बाहेर पळाला, आणि पोरींनीच त्याच्या हातातून झाडू काढून घेतला. "जाऊ द्या म्याडम, ह्यान्ला येत न्हाई." अशानं यायचं कसं, हे कुणाला सांगावं?

ह्या सगळ्या गोंधळात चौथीतली एक मुलगी मात्र फळा वाचत बसली होती. मांडीवर तिचा धाकटा भाऊ होता. नुकतं पाय फुटलेलं लेकरू, वीतभर सदरा, खाली काहीच नाही. एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात त्याच्या सदऱ्याचं टोक, कारण सोडलं की ते पळायचं आणि खडू खायचं.

ती दिवाळीनंतर त्याला घेऊन यायला लागली होती. पहिल्या दिवशी मी तिला परत पाठवलं. ती घरी गेली नाही. खिडकीबाहेर ओट्यावर त्याला मांडीवर घेऊन बसली. मी आत भागाकार शिकवत होते. आतल्या कोणाला उत्तर येईना, ते बाहेरून आलं. मला एवढा संताप आला, कोणाचा ते मलाच कळेना, की मी ओरडले, "ये बाई आत! आता तेवढंच राहिलंय!"

कापूस फुटला की आमच्याकडे वर्ग रिकामे व्हायला लागतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, आई वेचायला जाते. मागच्या वर्षी ही मुलगी अशीच दिवाळीनंतर गेली ती संक्रांत झाल्यावर उगवली. तोवर तिसरीचं निम्मं पुस्तक पुढे गेलं होतं, आणि बुडालेलं भरून काढायला तिला उन्हाळा लागला. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला शेजारच्या गावी जावं लागतं, तेही पायी. मागं पडलेल्या मुलीला दुसऱ्या गावी कोण पाठवतं? "तिचं डोकं चालत न्हाई म्याडम, घरीच राहू द्या," एवढं एक वाक्य पुरतं, मी ते किती घरांत ऐकलंय. हिचं डोकं तर धावत होतं. अजून एक हंगाम घरी बसली असती, की तिच्याही बाबतीत तेच वाक्य तयार होतं.

मी तिच्या आईला भेटले होते. रागानंच गेले होते, पण ती बाई माझ्याहून जास्त बेजार होती. "म्याडम, मला हौस हाय का पोरीला घरी बसवायची? कापूस उभा हाय. मजूर भेटंना गेलेत. मागल्या साली रानात धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधली तर लेकराला मुंगळे लागले. सासूबाई दिराकडं परभणीला. अंगणवाडीत तीन वर्साच्या आत घेत न्हाईत. कुठं ठिवू सांगा?" नवऱ्याचं विचारावं असं तेव्हा मला सुचलंही नाही. तिलाही नाही सुचलं. आता आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

तर फळ्याकडे बघून ती मुलगी उभी राहिली. भाऊ कडेवर. "म्याडम, शिकणं हक्क हाय न्हवं?"

"हो."

"आन ह्याला संभाळणं माझी जबाबदारी हाय."

"बरं."

"दोन्हीबी एकाच टायमाला आलं तर आधी काय करायचं?"

पुस्तकात लिहिलंय, हक्क आणि जबाबदाऱ्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पुस्तक लिहिणाऱ्याच्या कडेवर लेकरू नसावं. मी तिला म्हटलं, "उद्या बघू." शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो उद्या बघतो.

आणि दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हुशारीनं तोडगा काढला. बाळाला सगळ्या वर्गानं आळीपाळीनं घ्यायचं. जबाबदारी वाटून घेतली की हक्क मोकळा होतो, असं फळ्यावर लिहूनही टाकलं. पोरी लगेच तयार झाल्या. पोरं म्हणाली, "लेकरू घेणं पोरीचं काम हाय." मी ओरडले, तेव्हा एकानं बाळाला फुटलेल्या पिशवीसारखं दोन्ही हातांनी लांब धरलं. बाळानं सदऱ्याखाली काही नसल्याचा पुरेपूर उपयोग केला, आणि पोरांचा सहभाग तिथेच संपला. तरी बरं चाललं होतं. पोरींच्या मांड्यांवरून बाळ फिरायचं आणि ती मुलगी दोन्ही हात मोकळे ठेवून लिहायची. मला वाटलं, जमलं बुवा.

पण गाव कशाला म्हणतात! ‘शाळेत लेकरं संभाळायलेत’ ही बातमी त्याच संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी पोचली. सोमवारी मी वर्गात पाऊल टाकते तो सतरंजीवर अजून तीन लेकरं. एक शेंबडं, एक झोपलेलं, आणि एक माझी पट्टी चावत बसलेलं. त्यांच्या ताया माझ्याकडे बघायलाही तयार नाहीत. एका लेकराची आई दारातच उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेला, वेचायची ओटी कमरेला. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"तिच्या भावाला हक्क हाय तर आमच्या लेकराला न्हाई का?" असं म्हणून ती टेम्पो गाठायला निघूनही गेली.

हक्काचा प्रसार झाला नाही असं कोणी म्हणू नये. माझ्या आख्ख्या नोकरीत इतका यशस्वी उपक्रम दुसरा झालेला नाही. एक रडलं की चौघं रडायची. मुख्याध्यापक सर भिंतीपलीकडून विचारायचे, "म्याडम, काही मदत?" आणि मी हो म्हणायच्या आत दार लोटून घ्यायचे.

आणि त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब आले. आमच्या भागातल्या शाळा तपासायचं काम त्यांच्याकडे. न कळवता येतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. दारात उभे राहिले, वर्गावर नजर फिरवली, आणि जे म्हणणार हे मला ठाऊक होतं तेच म्हणाले, "म्याडम, ही शाळा आहे की पाळणाघर?"

मी काहीतरी सांगायला लागले. तेवढ्यात पट्टी चावणारं लेकरू त्यांच्या पँटीला धरून उभं राहिलं. साहेबांनी पाय झटकला नाही, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांनी मुलांना विचारलं, "हक्क म्हणजे काय, कोण सांगेल?" आरामाचा हक्क बजावणारा तो मुलगा उठला. "सायेब, जे म्याडम देतेत आन मंग वापस घेतेत ते."

साहेब हसले. मला हसू आलं नाही. जाताना ओट्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची तळमळ मला समजते. पण उद्या कोणी फोटो काढून वर पाठवला तर मी काय उत्तर देऊ? उद्यापासून लहान मूल वर्गात दिसता कामा नये. एकही नाही." त्यांचंही चूक नव्हतं, हेच माझं दुखणं आहे. कोणाचंच चूक नसतं. आईचं चूक नाही, साहेबांचं चूक नाही, अंगणवाडीच्या ताईंचं चूक नाही, आणि शेवटी घरी बसते ती नऊ वर्षांची पोर.

मी वर्गात येऊन सांगितलं. उद्यापासून लहान भावंडं आणायची नाहीत. तिघीजणी लगेच हो म्हणाल्या. त्यांच्याकडे आज्या होत्या, चुलत्या होत्या. शाळेत सोय झाली म्हणून त्या आज्या-चुलत्यांना सुट्टी मिळाली होती, एवढंच. ही एकटी उभी राहिली.

"मंग मी येऊ नको का?"

"तू यायचंच!"

"मंग ह्याला?"

माझा तोल सुटला. तिच्यावर नाही, पण आवाज तिच्यावरच गेला असेल. मी खडू टेबलावर आपटला आणि सगळ्या वर्गाला विचारलं, "हे बाळ कोणाची जबाबदारी आहे? सांगा! बोला ना, हक्क मागताना बरी तोंडं चालतात!"

"तिची," पोरं म्हणाली.

"का?"

"थोरली हाय ती."

"थोरली? नऊ वर्षांची थोरली? घरात तिच्याहून थोरलं कोणीच नाही?"

"तिची माय हाय."

"माय कापसात आहे. अजून कोण आहे?"

वर्ग विचारात पडला. खरोखर विचारात पडला, कोणी सोंग करत नव्हतं. काकांची नावं निघाली, परभणीतली आजी निघाली, शेजारीण निघाली, ती म्हातारी मागच्या वर्षीच वारल्याचं निघालं. बऱ्याच वेळानं मागून एकजण हसत म्हणाला, "तिचा बाप हाय की. हाटेलावर बसलेला असतोय."

आणि आख्खा वर्ग खदखदून हसला. पोरं हसली, पोरी हसल्या, एवढा मोठा विनोद त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता. बाप आणि लेकरू! एकानं तर मिशीला पीळ देत मांडीवर बाळ जोजवायची नक्कल केली. मी फळ्यावर हात टेकून उभी राहिले. दोन आठवडे घसा फोडून मी काय शिकवलं होतं ते मला त्या हसण्यात ऐकू आलं. ती मुलगी हसत नव्हती. बाळाला ह्या बाजूवरून त्या बाजूला घेत ती नुसती उभी होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, हजेरी झाली, तिचा पत्ता नाही. मी तिच्या नावापुढे खूण करायची तशीच ठेवली आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. गणिताला सुरुवात केली आणि दारातून ती धावत आत आली. धापा टाकत, वेणी सुटलेली, हात रिकामे. जागेवर बसली, वही काढली.

"भाऊ कुठाय?"

"पप्पाच्या मांडीवर ठिवला."

"घरी?"

"हाटेलावर."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि चुकीचा आकडा लिहिला.

थोड्याच वेळात दारात तो उभा राहिला. उंच, सडपातळ माणूस, डोळे तांबारलेले, कडेवर किंचाळणारं लेकरू. कडेवर म्हणायचं इतकंच. ते खाली घसरत होतं आणि तो त्याला गुडघ्यानं वर ढकलत होता.

"म्याडम, पोरीला बाहीर पाठवा."

"वर्ग चालू आहे."

"हे रडायलंय."

"ते ऐकू येतंय मला."

"चार माणसांत मांडीवर लेकरू टाकून पळून आली ही. लोक हसायलेत मला. हे शिकवायलेत का शाळेत?"

"हो," मी म्हटलं. "हेच शिकवतेय."

तो गोंधळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "रातच्याला लाइट असती म्याडम. रातभर पाणी दिलंय रानाला. डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे एक आठवडा लाइट दिवसा असते आणि एक आठवडा रात्री, आणि रात्रीची असली की माणसं अशीच दिसतात. पण मी तेव्हा समजूतदार व्हायच्या मनःस्थितीत नव्हते. "मग हॉटेलात काय झोपायला गेला होता?" मी विचारलं.

मागच्या रांगेतून खुसखुस आली. त्याची मान ताठ झाली. मला वाटलं, आता हा आत येणार, तिला दंडाला धरून नेणार, आणि मी काहीही करू शकणार नाही. त्याची मुलगी होती ती. त्यानं तिच्याकडे बघून हाक मारली, "ऊठ. चल."

ती उठली नाही. वहीवरून मान वर केली, आणि घाबरून नाही, उद्धटपणानंही नाही, आपण शेजाऱ्याला दुकानाचा रस्ता सांगतो त्या आवाजात म्हणाली, "पप्पा, त्याला घेऊन बसू नका. बसलं की रडतंय ते. हिंडत ऱ्हावा. आन ह्या खांद्यावर घ्या, उजव्या. डाव्यावर झोपत न्हाई."

एवढं सांगून तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली.

तो उभाच राहिला. मग त्यानं बाळाला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. बाळानं एक-दोन हुंदके दिले आणि तोंड त्याच्या मानेत खुपसलं. तो आवाज थांबल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मैदानात उतरून चालायला लागला.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. साहेबांना सांगताना मी तसंच सांगितलं. खरं म्हणजे मला आतून रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आपलं लेकरू कोणत्या खांद्यावर झोपतं हे बापाला माहीत नव्हतं आणि एका चौथीतल्या पोरीला माहीत होतं. "बाहेर काय बघताय? वहीत बघा!" मी सगळ्यांवर ओरडले, कारण सगळ्या माना खिडकीकडे वळल्या होत्या.

तिची वळली नव्हती. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत तो माणूस झेंड्याच्या खांबापासून नळापर्यंत आणि नळापासून खांबापर्यंत लेकराला घेऊन हिंडत राहिला, आणि तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही.